पावसानं बुडवलेला सामना

अण्णा,

काल तुझं तेरावं झालं आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. सकाळी दहिवलीहून निघाले ती भिजतच पळसदरीला घरी पोचले. अजून केस ओले आहेत. हे म्हणाले, आधी डोकं पुसून घे. म्हटलं, आधी मला अण्णाला दोन शब्द सुनवायचे आहेत. माझ्या तोंडाकडे बघून ते ओटीवर जाऊन बसले.

बारा दिवस मी रडले. वहिनीला धरून रडले, तुझ्या चपला बघून रडले, खुंटीवरचा तुझा शेडमधला कोट बघून रडले. काल दुपारपासून डोळ्यांत टिपूस नाही. आता मला तुझा राग आला आहे, आणि तो ऐकायला तू जागेवर नाहीस. हे तुझं नेहमीचंच. वाद रंगात आला की तू चेंडू गोळा करायला निघून जायचास.

पण आधी चांगलं बोलते, कारण ते खोटं नव्हतं. निदान मला तसं वाटतं.

मला रॅकेट तू धरायला शिकवलीस. कर्जतच्या रेल्वेच्या शेडमध्ये तू कारकून झालास त्या वर्षी. शेडच्या मागे टेकाडाला लागून साहेबलोकांचं टेनिसचं कोर्ट होतं, मुरूम धोपटून वर शेणानं सारवलेलं. लढाई सुरू झाली, निम्मे साहेब निघून गेले, आणि कोर्टाची निगा राखायचं काम तू आपण होऊन गळ्यात घेतलंस. बदल्यात एवढंच मागितलंस की कोर्ट रिकामं असेल तेव्हा आपण खेळू. ‘आपण’ म्हणजे कोण हे काही तू सांगितलं नाहीस. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते आणि माझ्या लग्नाच्या काळजीनं आईची झोप उडाली होती.

आता कोर्ट रिकामं कधी असायचं? चांगली हवा दुसऱ्यांची होती. थंडीतल्या संध्याकाळी उरलेसुरले साहेब खेळायचे, त्यांच्यानंतर हेडक्लार्क राऊतसाहेब आणि मंडळी. आपल्या वाट्याला यायची ती कुणालाच नको असलेली हवा. वैशाखातली भर दुपार. नदीवरून धुकं चढलेली पहाट. श्रावणातली झड, जेव्हा कॉलनीतली एकही खिडकी उघडी नसायची आणि काष्टा घालून धावणारी बाई कुणाला दिसायची नाही. आईला मात्र सगळं ठाऊक होतं. “वेणे, लोकं काय म्हनतील गं?” ती म्हणायची. तू म्हणायचास, “लोकं घरात बसल्यात, आई. येवड्या पावसात कोन बघतंय?”

उन्हात चेंडू इतका उसळायचा की डोक्यावरून जायचा, म्हणून मी चार पावलं मागं उभी राहायला शिकले. धुक्यात समोरचा तू दिसायचा नाहीस. तुझ्या रॅकेटचा आवाज ऐकायचा, मग धुक्यातून चेंडू बाहेर यायचा, आणि तोवर पाय हलले नसतील तर गेला. पहिल्या हिवाळ्यात मी तुला विचारलं होतं, “न दिसनाऱ्या मानसाशी कसं खेळायचं रं?” तू हसून म्हणालास, “कान देऊन.” मी गेले दोन आठवडे कान देऊन आहे, अण्णा. काही येत नाही.

पण आपला खरा खेळ पावसातला. कोर्टाला टेकाडाचा उतार होता, पाणी फार वेळ ठरायचं नाही. भुरभुर काय, झडीतसुद्धा खेळता यायचं. ओला चेंडू दगडासारखा जड व्हायचा आणि जमिनीवर पडला की तिथंच बसायचा. तुझं म्हणणं, खाली वाकून उचलावा. माझं म्हणणं, पडूच देऊ नये, जाळ्याजवळ सरकून हवेतच घ्यावा. यावर आपण किती भांडलो! तू पाटीवर आकृत्या काढायचास, मी त्या पुसायचे. शेवटी एका श्रावणात मी तुला ओळीनं तीन दिवस हरवलं आणि चौथ्या दिवशी तू गुपचूप दोन पावलं पुढं येऊन उभा राहिलास. मुठीला राख चोळायची म्हणजे दांडी निसटत नाही, ही युक्तीही माझी. मला ती चुलीपुढं बसून सुचली होती, त्यामुळे तू तिला बरेच दिवस मानलं नाहीस.

आणि ती उंच चेंडूची गोष्ट. नदीकडचा वारा समोरून आला की मी चेंडू मुद्दाम लांब, रेघेच्या पार बाहेर जाईल असा उंच मारायचे. समोरचा सोडून द्यायचा, गेला म्हणून. वारा त्याला वरच अडवायचा आणि तो आत येऊन पडायचा. पहिल्यांदा जमलं तेव्हा तू रॅकेट टाकून ओरडलास, “आरं, ही तर माहेरवाशीण! गेली गेली म्हनेपर्यंत आली परत!” तेव्हापासून त्या फटक्याचं नाव माहेरवाशीण.

रॅकेटीची आतड्याची तात ओलीनं फुगते आणि तुटते. साहेबांच्या रॅकेटी पावसाळाभर पेटीत असायच्या. आपण आपल्या दोन्ही कणगीत, भाताच्या तुसात पुरून ठेवायचो. तूस सगळी ओल पिऊन टाकतं. पैज लावून सांगते, साहेबांना ही अक्कल नव्हती. ती भाताच्या गावातच सुचायची. खेळून आलं की आधी रॅकेटी तुसात, मग आपले कपडे बदलायचे, असा तुझा दंडक होता.

हे सगळं तू मला दिलंस. बाप गेल्यावर भाऊ बहिणीला लुगडं देतो, दागिना देतो. तू मला वाईट हवा दिलीस, आणि ती चांगली वाटायला शिकवलंस. त्याबद्दल मी जन्मभर तुझी ऋणी आहे.

आता भांडते.

लढाई अजून चालूच होती तेव्हाची गोष्ट. खालापूरच्या मामलेदारांना टेनिसचं वेड. कचेरीमागच्या कोर्टावर त्यांनी कर्जत विरुद्ध खालापूर असा जोडीचा सामना ठेवला. त्यांची सून स्वतः खेळायची, म्हणून पत्रात एक ओळ होती की जोडीत बाईमाणूस असलं तरी हरकत नाही. ते पत्र तू मला चुलीपाशी उभं राहून दोनदा वाचून दाखवलंस. मग माझ्यासमोर कागदावर दोन नावं लिहिलीस, तुझं आणि माझं. शाळेच्या हजेरीबुकाखेरीज माझं नाव कुठं लिहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. “गणपती झाल्यावर हाय,” तू म्हणालास. “पाऊस आला तर बरंच. पावसात आपल्याला कोन हरवनार हाय गं?”

आणि पाऊस आला. सामन्याच्या दिवशी पहाटेपासून धो धो. मी मनात साखर वाटली. तू पहिल्या गाडीनं खोपोलीला जाऊन पुढं खालापूर गाठायचं, कोर्टाचं पाणी काढायला हात लावायचा, आणि मी दुपारच्या गाडीनं यायचं, असं ठरलं होतं. मी काष्टा घालून, वरून शाल घेऊन, रॅकेट घोंगडीत गुंडाळून पूल ओलांडून कर्जत स्टेशनावर आले. आईनंसुद्धा त्या दिवशी काही म्हटलं नाही. उलट दाराशी येऊन हातावर दही घातलं. फलाटावर खोपोलीहून आलेल्या गाडीचा गार्ड मला शोधत आला. त्याच्या हातात तुझी चिठ्ठी. ‘पावसामुळे सामना रद्द. येऊ नकोस.’

मी मानलं, अण्णा. याचीच मला सर्वात लाज वाटते. साऱ्या कर्जत तालुक्यात जिला हसू यायला हवं होतं ती मी. पावसामुळे रद्द? आपला सामना? पण अक्षर तुझं होतं. तुझ्या अक्षरावर मी शंका घ्यायची असते हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी तू चिंब होऊन आलास. माझ्याकडे पाठ करून कपडे पिळत बसलास. मला वाटलं, माझ्यापेक्षा तुलाच जास्त लागलंय. मी तुला कढत पाणी दिलं, तुझे चेंडू चुलीभोवती वाळत ठेवले. हातात जड लागले, लवेत तांबडा मुरूम घट्ट बसला होता. मी विचारलं, “हे कशानं रं?” तू म्हणालास, “पिशवी पडली वाटंत.” मग खिशातून एक फुलपात्र काढून माझ्यापुढं ठेवलंस, चकचकीत, काठावर वेलबुट्टी. “खोपोलीच्या बाजारातनं तुला आनलं,” म्हणालास. मला भरून आलं. एवढ्या पावसात, एवढं मन मोडलेलं असताना याला बहीण आठवली! त्या फुलपात्रातून मी त्या रात्री जेवताना पाणी प्यायले.

पुढं काय झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं कधी ऐकलं नाहीस. काही दिवसांनी मी विचारलं, पुन्हा सामना कधी? तू म्हणालास, “पावसातला खेळ हा आपल्या दोगांचा खेळ गं. खरे सामने पावसात हुत नाय. बघितलंस नव्हं?” बघितलं होतं. मला ते पटलं. मला वाटलं, आपण इतकी वर्षं जे कमावलं ते खोटं नाणं होतं, कुठंच चालायचं नाही. मी रॅकेट तुसात ठेवली ती बाहेर काढली नाही. मार्गशीर्षात पळसदरीचं स्थळ आलं आणि आईला हो म्हणून टाकलं. माणसं चांगली आहेत, माझं वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण मी तो ‘हो’ एका हरलेल्या बाईच्या तोंडानं म्हटला होता, आणि मी तर हरलेच नव्हते.

काल राऊतसाहेब आले होते तेराव्याला. म्हातारे झालेत, कानांनी कमी. वहिनीनं त्यांना पाणी दिलं ते नेमकं त्याच, माझ्या लग्नानंतर माहेरीच राहिलेल्या फुलपात्रात. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं, फिरवून पाहिलं आणि हसले. “अहो, हे तेच! माझ्याकडे याचा जोडीदार आहे. खालापूरच्या सामन्यात मला आणि अण्णांना एकेक मिळालं.”

मी पत्रावळी उचलत होते. मला वाटलं, ते दुसऱ्या कुठल्या सामन्याबद्दल बोलताहेत.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मोठ्या प्रेमानं सांगितलं, डोळे पुसत. ते सहज बघायला म्हणून पहिल्याच गाडीनं तुझ्याबरोबर निघाले होते. खोपोलीला उतरल्यावर तेच म्हणाले, अण्णा, बहिणीला एवढ्या पावसात कशाला आणता, लोक उगाच बोलतील, हवं तर मी उभा राहतो. तू खिशातून कागद काढलास. मग एक चिठ्ठी लिहून गार्डाजवळ दिलीस. राऊतसाहेबांनी विचारलं, काय लिहिलंत? तू म्हणालास, “सकाळी तिच्या अंगात कणकण होती, कशी आहे म्हणून विचारलंय.” आणि मामलेदारांना सांगितलंस, बहीण तापानं पडली आहे.

“एवढा जीव होता हो त्यांचा तुमच्यावर,” राऊतसाहेब मला म्हणाले. “सामना सुरू व्हायचाय, धो धो पाऊस, आणि माणूस बहिणीच्या तापाची काळजी करतोय!”

वहिनी शेजारी उभी होती, पांढऱ्या कपाळानं. मी म्हटलं, “हो. होताच जीव.”

ते थांबेनात. तू त्यांना जाळ्याजवळ उभं केलंस. सांगितलंस, ओला चेंडू पडू द्यायचा नाही, हवेतच घ्यायचा. त्यांच्या मुठीला राख चोळायला लावलीस. खालापूरचे लोक चेंडू उसळायची वाट बघत राहिले आणि तुम्ही त्यांना धुऊन काढलंत. आणि शेवटचा पॉइंट! वारा समोरून होता. तू चेंडू उंच, लांब मारलास. मामलेदारांनी हात वर केला, गेला म्हणून, आणि तो परत येऊन रेघेच्या आत पडला. “अण्णा म्हणाले, ह्याला आम्ही माहेरवाशीण म्हणतो. मामलेदारसाहेब काय हसले! विचारत होते, ही अजब शक्कल तुमची का? अण्णा नुसते मान खाली घालून हसले.”

नुसता हसलास. तेवढं एक वाक्य तुला तिथं बोलता आलं नाही का रे? मी तिथं नव्हते, तापानं पडले होते, ठीक आहे. पण नाव तरी घ्यायचं होतंस. मामलेदारांच्या त्या सूनबाईला कळलं असतं की कर्जतला कुणी वेणू आहे.

काल रात्रभर मी तुझ्या बाजूनं विचार करून पाहिला, कारण ती सवय आहे. राऊतसाहेब तुझे वरिष्ठ. त्यांना नाही कसं म्हणणार? लोकांची भीती मलाही कळते, मी त्याच गावातली. अण्णा, जागा तू त्यांना दिलीस ते मी सोडून देते. तू घरी येऊन म्हणाला असतास, ‘वेणू, माझी छाती झाली नाही, मी त्यांच्याबरोबर खेळलो,’ तर मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नसते. तिसऱ्या दिवशी तुझ्याकडून शेवटचा पॉइंट पुन्हा पुन्हा वदवून घेतला असता, आणि चौथ्या दिवशी तुला कोर्टावर बडवला असता. पण तू पावसाचं नाव घेतलंस. जगात एक गोष्ट होती जी आपल्या दोघांच्या मालकीची होती, आणि तू खोटं बोलायला तीच वापरलीस. ऊन, धुकं, रेल्वेचा संप, मामलेदारांचं पोट, काहीही सांगायचं होतंस. पाऊस नव्हता सांगायचा.

आणि तुला संधी मिळाली होती. हेच मला गिळवत नाही. तू जायच्या आठवडाभर आधीची दुपार आठवते? मी त्याच फुलपात्रातून तुला काढा पाजत होते. दोन घोट घेऊन तू माझा हात धरलास. “वेणू, त्यो खालापूरचा सामना...” एवढंच बोललास आणि तुला दम लागला. मला वाटलं, बिचारा अजून त्याचीच हळहळ करतोय. मी तुझ्या छातीवरून हात फिरवला आणि म्हटलं, “त्यो पावसानं बुडवला रं. त्याचं काय मनावर घेतोस? तुजा काय गुन्हा त्यात?”

तू माझ्याकडे बघितलंस. मग फुलपात्राकडे. मला आता ती नजर कळते. दार उघडं होतं, अण्णा, मी नकळत लोटलं होतं, पण कडी घातली नव्हती. नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतंस, पुढचं मी विचारून घेतलं असतं.

तू म्हणालास, “व्हय. पावसानंच.” आणि भिंतीकडे कूस वळवलीस.

दुसऱ्यांदा मला फलाटावरून परत पाठवलंस.

आज सकाळी मी निघायची तयारी केली. कणगीत हात घातला तर माझी रॅकेट होती, तुझ्या रॅकेटीशेजारी. तात ताठ, एकही तुटलेली नाही. वहिनी म्हणाली, “दरसाल झोडनी झाली का नवं तूस घालायचे. मी म्हनायची, वन्सं काय आता खेळायच्या नायत. तर म्हनायचे, ऱ्हाऊ दे, तिची हाय.” एवढी वर्षं दरसाल तूस बदललंस. बोलला नाहीस. तुला नेमकं किती वाटत होतं याचा मला आता कधीच हिशेब लागणार नाही, आणि वाटत होतं म्हणून मी तुला माफ करावं असं काही नाही. आज तरी नाही. पुढचं माहीत नाही.

रॅकेट मी काढून घेतली. वहिनी फुलपात्रही पिशवीत घालू लागली, “तुमच्या भावानं तुमाला आनल्यालं,” म्हणून. मी ते परत फळीवर ठेवलं. ज्यानं जिंकलं त्याच्या घरी राहू दे. वहिनीला मी काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. तिचा नवरा तिला होता तसाच राहू दे.

बाहेर पाऊस कोसळत होता. मी पदर खोचला, रॅकेट घोंगडीत गुंडाळली. वहिनी दारात आडवी आली.

“वन्सं, आवं येवड्या पावसात कुठं निघालाव? थांबा की जरा.”

तुझी खाट ओटीवर उभी करून ठेवली होती. मी तिकडं बघून, तुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, “पावसानं माजं कदी काय अडलं नाय, वहिनी.”

आणि निघाले.